गुरुजींची नात शाळाबाह्य

आप्पा, गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी शाळेच्या बाई आपल्या माले गावच्या घरी आल्या होत्या. शाळाबाह्य मुलं शोधायचं सर्वेक्षण चालू होतं आणि गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, गुरुजींच्या घरी बघा, तिथं आहेत. म्हणजे तुमच्या घरी. ज्या मुलांना तुम्ही जन्मभर खाचरांतून आणि गोठ्यांतून शोधून शाळेत आणलंत, त्यांच्यात आता तुमची स्वतःची नात होती. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, त्यामुळे तुम्हाला नात आहे आणि तिच्या पाठचा एक नातूही आहे, हेच तुम्हाला ठाऊक नाही. तिची पहिली ओळख अशी करून द्यावी लागते आहे. पण गोष्ट नीट पार पडली, हे आधीच सांगून टाकते. मी निकालाच्या दिवशी तोंड पाडून दारात उभी राहिले की तुम्ही म्हणायचात, ‘आधी पास का नापास ते सांग, मग काय रडायचं ते रड.’ तर, पास.

तुम्ही मुलं कशी आणायचात ते मला आठवतं. मी दुसरीत असेन. आवणीचे दिवस, शाळा निम्मी रिकामी, आणि तुम्ही मधल्या सुट्टीत मला बरोबर घेऊन बांधाबांधाने निघालात. एका खाचरात एक बाई आणि तिची मुलगी वाकून भाताची रोपं लावत होत्या. मुलगी माझ्याच वर्गातली. तुम्ही हाक मारलीत तशी बाई कंबर सरळ करून म्हणाली, ‘गुरुजी, हिला नेली तर माझ्या जोडीला कोन? ढग बगा कसा भरलाय.’ तुम्ही चपला बांधावर काढल्यात, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलात आणि चिखलात उतरून रोपांची एक मूठ हातात घेतलीत. ‘मी लावतो. तिला सोडा.’ बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘आवो, नगं गुरुजी, न्या तिला, न्या.’ तरी तुम्ही ती मूठ संपवल्याशिवाय वर आला नाहीत. परतताना ती मुलगी आणि मी पुढे, तुम्ही मागे, आणि मागून तुमचं वाक्य आलं, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. ‘भात दरवर्षी येतं. सातवं वर्ष परत येत नाही.’

माझ्या मुलीला सातवं लागलं तेव्हा हे वाक्य माझ्या मानेवर बसलं होतं. आम्ही मारुंजीत राहत होतो, हिंजवडीला लागून. तुम्ही पाहिलेली मारुंजी आता ओळखू येणार नाही. जिथे शेतं होती तिथे सोसायट्या आहेत, आणि ज्यांची शेतं होती ते खोल्या भाड्याने देतात. माझा नवरा आणि मी दोघंही कंपनीत. मुलीला जवळच्या इंग्रजी शाळेत घातली. बालवर्गात बरं चाललं होतं, पहिलीत ती गप्प झाली. घरी तोंड बंद नसायचं, पण शाळेच्या फाटकातून आत गेली की शब्द नाही. मॅडम हसून इंग्रजीत म्हणायच्या, मुलगी प्रतिसाद देत नाही, तपासून घ्या. आम्ही कान तपासले, डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, काही मुलांचं असं होतं, ती आतून घाबरलेली असतात, मागे लागू नका. शाळा मागे लागली. तिला रोज वर्गापुढे उभं करायचे, आवाज फुटावा म्हणून. हेतू वाईट नव्हता, आप्पा. तुम्हीही कदाचित तेच केलं असतंत.

मग एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरची शेजारीण आली. ती नर्स आहे, तिचा मुलगा हिच्याच वर्गात. चहा पुढे केला तरी घेईना. म्हणाली, ‘सांगू का नको असं दोन दिवस चाललंय माझं. माझा मुलगा म्हणतो, तुमची मुलगी शाळेत पाणी पीत नाही. पाणी प्यायलं तर बाथरूमला जायला विचारावं लागेल, म्हणून.’ मी उठून दप्तरातली बाटली बघितली. काठोकाठ भरलेली. मी रोज संध्याकाळी ती न बघता ओतून विसळत होते. त्या दिवाळीनंतर मी मुलीला शाळेत पाठवलं नाही. नवरा म्हणाला, ‘एक वर्ष बघू,’ आणि मला कळलं की तोही घाबरलाय. मी नोकरी सोडली आणि दोन्ही मुलांना घेऊन मालेला आईकडे आले. तो शनिवार-रविवार यायचा.

आईला मी स्वयंपाकघरात सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही, पण भाकरी काठाला जाड राहिली, आणि आईची भाकरी जाड राहिलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. ‘म्हंजी ती घरीच ऱ्हानार?’

‘घरी शिकवणार मी. आणखी एकदोन मुलं येतील. आम्ही पालकच मिळून शिकवू.’

‘ह्यांनी उभा जलम लोकांची पोरं शाळंत घातली. आन ह्यांची नात घरी. मी पानवठ्यावर काय सांगू?’

‘सांग आजारी आहे.’

‘आजारी हाय का ती?’

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. आईने भाकरी तव्यावर टाकली आणि पाठ न वळवता म्हणाली, ‘ऱ्हा. घर तुजंच हाय. पर मला पटल्यालं न्हाई, ह्ये ध्यानात ठिव.’

असं आमचं सुरू झालं, आपल्या पडवीत. मी आणि माझी दोन मुलं, नर्सचा मुलगा, आणि मुळशीला धरणाकाठी खाणावळ चालवणाऱ्या जोडप्याची मुलगी. शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांची झुंबड असते, बाकीचे दिवस ते मोकळे, आणि शाळेची गाडी पावसाळ्यात त्यांच्याकडे कधी येईल याचा भरवसा नसायचा. नंतर आणखी दोन घरं आली. फी नाही, सर नाहीत, मॅडम नाहीत. ज्याचा दिवस त्याने शिकवायचं आणि त्या दिवशीचा स्वयंपाकही त्यानेच बघायचा. नर्सचा मुलगा चार दिवस आमच्याकडेच राहायचा. सुट्टीच्या दिवशी ती यायची आणि मुलांना जखम कशी धुवायची, नाडी कशी मोजायची ते दाखवायची. पहिल्या आठवड्यात मी फळा आणला, वेळापत्रक केलं, घंटासुद्धा आणली. शाळेतून पळून आले आणि पडवीत पुन्हा शाळाच मांडून बसले. माझी मुलगी फळ्याकडे बघून खांबामागे जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी फळा माळ्यावर टाकला.

त्यानंतर आम्ही काय शिकवायचं ते बाहेरचं बघून ठरवू लागलो. फाल्गुनात आईच्या खाचराच्या कोपऱ्यात राब भाजायचा होता. मुलांनी पालापाचोळा वेचला, शेण पसरलं, किती टोपल्या लागल्या त्याचं गणित केलं, आणि जाळ लावायला शेजारचे काका आले तेव्हा लांब उभं राहून रोपांसाठी बी पेरण्याआधी जमीन का भाजतात ते विचारून त्यांना भंडावून सोडलं. सगळे विचारत होते, माझी सोडून. तिला विचारायचं असलं की ती माझ्या कानाशी यायची आणि मी मोठ्याने बोलायची. मी तिचा लाऊडस्पीकर झाले होते. आई घरातून बघायची, मुलांना पाणी द्यायची, पण पडवीत बसायची नाही.

वैशाखात आम्ही मुलांना घेऊन मागच्या डोंगराला करवंदांना गेलो. तुम्हाला आठवत असेल, करवंद फोडायच्या आधी ओळखायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. मुलं जाळीभोवती गोल करून बसली आणि खाणावळवाल्यांची मुलगी एकेकापुढे करवंद धरून विचारू लागली, ‘कोंबडा का कोंबडी?’ या खेळात बोलल्याशिवाय करवंद मिळत नाही. पाळी माझ्या मुलीवर आली. मी सवयीने तिच्याकडे कान वाकवला. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या करवंदाकडे बघत म्हणाली, ‘कोंबडी.’ खणखणीत. करवंद फोडलं तर लालभडक. ‘हुकलं, हुकलं,’ म्हणून सगळी ओरडली आणि तीही ओरडली. पुढच्या पाळीला पुन्हा कोंबडी म्हणाली, पुन्हा हुकली. नर्स माझ्या शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला आणि आम्ही दोघी मुलांकडे न बघता खालच्या धरणाच्या पाण्याकडे बघत राहिलो. बघितलं असतं तर मुलीला कळलं असतं की काहीतरी झालंय.

सगळं असंच गोड नव्हतं. पावसाळ्यात पडवी गळली, मुलं आळीपाळीने तापली, आणि आवणी झाल्यावर खाणावळवाले एक दिवस चिडून आले. म्हणाले, ‘खेकडं धरायला माजी पोरगी मला घरीच शिकवता येती. पाढं कवा होनार?’ नर्स म्हणाली, पाढ्यांची घाई नको, मुलं आपोआप शिकतील. ‘आपोआप कोन शिकतंय? तुमी नर्स काय आपोआप झाल्या?’ त्या दिवसापासून त्यांनी मुलीला आणायचंच बंद केलं. दसऱ्यानंतर त्यांची बायको तिला घेऊन आली, म्हणाली, घरी नुसती भांडत बसते. तेव्हापासून सकाळी न्याहारी झाली की पाढे. आप्पा, तुमच्याच चालीत. मला दुसरी चाल येत नाही.

खरी भीती वाचण्याची होती. बोलायला लागली, पण माझी मुलगी वाचेना. अक्षरं ओळखायची, पण शब्द जुळवायचा म्हटलं की डोळ्यांत पाणी. आठवं लागलं. नर्सचा मुलगा तिच्याएवढाच, तो वर्तमानपत्राचे मथळे वाचायचा. मळणीच्या दिवसांत एका दुपारी मी स्वयंपाकघरात येऊन भांडी आपटत रडले. म्हटलं, आप्पा खरं म्हणायचे, वर्ष परत येत नाही, मी पोरीचं अख्खं वर्ष घालवलं. आई तांदूळ निवडत होती. सुपातून डोळे न काढता म्हणाली, ‘तू दुसरी सरूस्तवर वाचत न्हवतीस.’

मला वाटलं, समजूत घालते आहे. आईला समजूत घालता येत नाही हे मला माहीत असूनही.

‘खरं सांगत्ये. मास्तराची पोर आन वाचता यीना. ह्ये कुनाला बोलले न्हाईत. मलाबी सांगितलं व्हतं, बोलू नगंस म्हनून. रोज सांजच्याला तुला हितं चुलीम्होरं घिऊन बसायचं. परातीत पीठ पसरायचं आन त्यात बोटानं काडायचं.’

पिठातली अक्षरं मला आठवतात, आप्पा. मला तो खेळ वाटत होता. तुम्ही तांदळाच्या पिठात ‘क’ काढायचात, मी तो पुसून त्याचा मासा करायची, तुम्ही माशाला शेपटी लावून परत ‘क’ करायचात. आई ओरडायची, भाकरीचं पीठ हाय त्ये. तुम्ही म्हणायचात, अक्षरं खाल्ली तर पोटात जातील. मला वाटायचं, तुम्हाला संध्याकाळी माझ्याशी खेळायला आवडतं म्हणून तुम्ही बसता. दिवसभर चाळीस पोरांना ओरडून आल्यावर तुम्ही किती दमलेले असाल, आणि आपलीच मुलगी मागे पडते आहे हे कुणाला कळू नये म्हणून किती जपत असाल, हे मला आईने सुपात बघत सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मला राग आला नाही. हसू आलं. मग हसता हसता परत रडू आलं, पण ते वेगळं होतं. आई म्हणाली, ‘आता पीठ घे आन जा बाहीर.’ आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा परात घेऊन स्वतः पडवीत येऊन बसली.

तुमची नात पिठातून लगेच वाचायला लागली असं नाही. त्यालाही बरेच महिने गेले, पण माझ्या मानेवरचं ओझं उतरलं होतं आणि ते तिला कळलं असावं. पौडला बाजाराला गेलो होतो. परतताना गाड्यांची रांग लागली, आमच्या पुढे एक टेम्पो उभा. मागच्या सीटवरून ती थांबत थांबत बोलू लागली, ‘ब-घ-तोस काय... रा-गा-नं...’ मी आरशात बघितलं. तिची नजर टेम्पोच्या फळीवर. ‘ओव्हर... ओव्हरटेक केलंय वाघानं.’ मग स्वतःच खदखदून हसली, कारण तो वाघ रांगेत अडकून पडला होता. ओळीचा अर्थ लागून तिला हसू आलं, म्हणजे ती वाचत होती. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न दिला तेव्हा मला कळलं की पुढचा टेम्पो कधीच निघून गेलाय.

तर मग त्या बाई आल्या. तरुण आहेत, नगरकडच्या, तुम्हाला त्या फक्त शाळेच्या भिंतीवरच्या फोटोतून ओळखतात. त्यांच्या हातात सर्वेक्षणाचे कागद होते. काय काय सांगायचं ते मी मनात कधीपासून जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. मुलं अंगणात चिंचोके मोजत होती. माझी मुलगी उठून त्यांच्यापुढे गेली.

‘तुम्ही कुणाला शोधताय?’

‘जी मुलं शाळेत येत नाहीत त्यांना.’

‘मग मी आहे. हा पण आहे, पण तो लहान आहे.’

बाई हसल्या. मी काही बोलणार तेवढ्यात आई घरातून बाहेर आली. पदर नीट केला, पडवीच्या पायरीवर उभी राहिली. गावातल्या कुणी विचारलं तर मान खाली घालून ‘आजारी हाय’ म्हणणारी आई. ती म्हणाली, ‘बाई, ही गुरुजींची नात हाय. शाळंत न्हाई, पर शिकती. हितंच शाळा भरती आमची. मी बी शिकवत्ये. तुमाला काय लिवायचं त्ये लिवा. बसा, चा घेता का?’

बाई बसल्या. कागदावर त्यांना जे लिहायचं ते त्यांनी लिहिलं, कारण ते त्यांचं काम होतं. पण नंतर शनिवारी सकाळी शाळा सुटली की त्या कधीकधी दोनचार मुलांना घेऊन आपल्या पडवीत येऊ लागल्या. आमची मुलं त्यांच्या शाळेत झेंडावंदनाला गेली. माझ्या मुलीला त्यांच्यातली एक मैत्रीण मिळाली, आणि या जूनमध्ये ती स्वतः म्हणाली, ‘मी तिच्या शाळेत जाऊ?’ नर्सला वाईट वाटलं, मलाही थोडं वाटलं. एवढं सगळं करून शेवटी शाळाच. पण मीच तिची पाण्याची बाटली काठोकाठ भरून दिली. बाईंनी वयाप्रमाणे चौथीत बसवलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी ती चिखलाने भरून घरी आली ती मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचं सांगतच. सांगणं जेवण झाल्यावरही चालू होतं. बाटली रिकामी होती. धाकटा अजून पडवीतच आहे. खाणावळवाल्यांची मुलगीही आहे, नर्सचा मुलगा आहे, आणि या साली आणखी एक घर आलं. कोण कुठल्या वाटेने शिकेल ते आता आम्ही आधी ठरवत नाही.

हे सगळं आईला वाचून दाखवावं असं मनात होतं. तुमच्यापर्यंत पोचवायची दुसरी वाट मला माहीत नाही. ती रोज संध्याकाळी दिवा लावताना तुमच्याशी काहीबाही बोलत असते, त्यात हेही बोलली असती. पण एक गोष्ट राहिली आहे, ती लिहिली की हे तिला वाचून दाखवता येणार नाही, आणि मग ते कुणालाच दाखवता येणार नाही. तरी लिहिते. मला तुमची आठवण येते, आप्पा, रोज येते. पण तुम्ही असतात तर तिला शाळेतून काढायचं धाडस मला झालं नसतं.